चिखलात रुतण्याची पूर्वतयारी

दारात फोर बाय फोर गाडी उभी आहे, पावसाळा तोंडावर आला आहे आणि खात्यात पैसे मात्र सोसायटीच्या मेंटेनन्सपुरतेच उरले आहेत, अशा नवशिक्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांच्याकडे भरपूर पैसे आहेत त्यांना मार्गदर्शन लागत नाही. २०२० साली महिंद्राच्या नव्या थारची पहिली गाडी लिलावात १ कोटी ११ लाखांना गेली (पैसे करोना मदतनिधीला दिले गेले, हे चांगलंच झालं). आपण त्या रकमेतला ११ हा आकडा तेवढा उचलू, तोही हजारांत. हे झालं बजेट. घरी सांगायचा आकडा याच्या निम्मा. दोन्ही आकडे एकाच वहीत लिहू नयेत.

पायरी पहिली: काकांना विचारा

ही पायरी फुकट आहे, म्हणून आधी. थार, बोलेरो, स्कॉर्पिओ या गाड्या नाशिकच्याच कारखान्यातून बाहेर पडल्या, इंजिनांचा कारखाना वर इगतपुरीला. त्यामुळे सिडको, सातपूर, इंदिरानगर या भागात दर दोन इमारतींमागे महिंद्रातून निवृत्त झालेले एक काका हमखास सापडतात. त्यांची सगळी नोकरी पेंट शॉपमध्ये गेलेली असली तरी सस्पेन्शनवर ते अधिक ठामपणे बोलतात. त्यांच्यासमोर गाडी उभी करा आणि तिला काय काय बसवायचंय त्याची यादी वाचून दाखवा.

“स्नॉर्केल? कशाला रे? राहतोस इंदिरानगरला. बोगद्यात ट्रॅफिक तुंबतं बाबा, पाणी नाही.”

“काका, आपण पहिनेकडे जाणार आहोत.”

“आपण नाही. तू. आणि मॅन्युअल वाचलंस का?”

मॅन्युअल कुणीच वाचलेलं नसतं. सेकंड हँड गाडीचं मॅन्युअल तर पहिल्या मालकाच्या माळ्यावर असतं. तरी काकांचा मुद्दा मनात धरावा, कारण पुढे जो तो काही ना काही विकायला बघेल आणि फुकट नको म्हणणारे एवढेच एक भेटतील. गाडी किती वजन पेलते, टायरमध्ये हवा किती, पाण्यात कुठवर घालायची, हे कंपनीने लिहून दिलेलं असतं. २०२० च्या थारला ६५० मिलिमीटर पाण्यातून जाता येतं, असं कंपनी सांगते. आता नाशिककर पाणी मिलिमीटरमध्ये मोजत नाही, रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीवर मोजतो. पण हा मारुती चांगला उंच आहे हे ध्यानात घ्या. पाणी त्याच्या पावलांवर चढलं की तुमची गाडी मर्यादेबाहेर गेली असं समजावं आणि भेळ घेऊन घाटावर उभं राहून पूर बघावा.

पायरी दुसरी: खाली वाका

गाडी अजून घेतलेली नसेल तर ही पायरी दोनदा करा. जिल्ह्यात जुन्या जीपगाड्यांना तोटा नाही. कळवण, सुरगाणा, पेठच्या रस्त्यांनी एका काळी-पिवळीत किती माणसं बसतात याला वरची मर्यादा नव्हती, आणि त्या कमांडर, मार्शल गाड्यांनी आयुष्यभर कुठलंही अपग्रेड न करता जे रस्ते पार केले त्यांना आज आपण ‘ट्रेल’ म्हणतो. अशा गाड्या रंगरंगोटी करून विकायला येतात. मागे ‘फोर बाय फोर’ असं ठळक लिहिलेलं असतं. ते स्टिकर शंभर रुपयांच्या आत मिळतं.

म्हणून जमिनीवर पुठ्ठा टाका आणि पुढच्या बाजूने आत बघा. मागच्या चाकांच्या मध्ये जसा हौजिंगचा फुगवटा दिसतो तसाच पुढेही दिसायला हवा, आणि गिअरबॉक्सकडून त्याच्याकडे जाणारा एक प्रोपेलर शाफ्टही हवा. दोन्ही नसतील तर गाडी फोर बाय टू आहे. मालक म्हणेल, “दादा, ते काढून ठेवलंय, घरी आहे.” घरी काही नसतं.

शाफ्ट सापडला तर तिथेच पडून राहा, अजून काम आहे. शाफ्टचा क्रॉस हाताने हलवून बघा, खुळखुळला तर गेला. पाट्यांच्या बुशांमधलं रबर चुरा होऊन खाली पडतं का बघा. शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का? चॅसीवर हातोडीने हलके ठोके मारत चला. खणखणीत आवाज येता येता एके ठिकाणी दबका आला तर तिथे आतून गंज आहे. ब्रेकचे रबरी पाइप वाकवून बघा, भेगा दिसतील. हे सगळं दुरुस्त करायचा अंदाज मिस्त्रीकडून घ्या. तो साधारण अकरा हजारांच्या पुढेच निघतो, आणि इथे तुमचं बजेट संपतं.

निराश होऊ नये. मर्यादित बजेटमधलं पहिलं अपग्रेड म्हणजे गाडी पुन्हा कंपनीने दिली होती तशी करणं, हे कुठल्याही दुकानाच्या फलकावर लिहिलेलं नसतं, कारण त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही. नव्या बुशांसोबत कुणी सेल्फी घेत नाही. पण खिळखिळ्या गाडीला दोन इंच उचलून तिच्यावर मोठे टायर चढवले की ती फक्त जास्त उंचीवरून खिळखिळते. गाडी १५ वर्षांपुढची असेल तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर हेही याच खात्यात टाका.

पायरी तिसरी: टायर, आणि त्याआधी हवा

आता बजेट वाढवायचं. हे कसं करायचं ते ज्याचं त्याला माहीत. नाशकात दिवाळीचा बोनस ही पारंपरिक पद्धत आहे.

टायरच्या दुकानात गेलात की एटी आणि एमटी ही दोन नावं ऐकू येतील. एटी म्हणजे सगळीकडे चालणारा, एमटी म्हणजे चिखलाचा, मोठमोठ्या ठोकळ्यांचा. एमटी बघताच मन त्याच्याकडे ओढ घेतं. तो डांबरी रस्त्यावर गुरगुरतो, ओल्या डांबरावर ब्रेक मारला की थोडा जास्तच पुढे जातो आणि झिजतोही लवकर. तुमची गाडी वर्षातले बहुतेक दिवस गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवर फिरणार आहे. एटी घ्या. एमटीची हौस असेल तर दुकानात त्यावरून हात फिरवून परत या, त्याचे पैसे पडत नाहीत.

मापाचा मोह याहून मोठा. हिशोब करून बघू. २०१० साली आलेल्या पहिल्या थारचा टायर २३५/७० आर १६. त्याची उंची भरते साधारण ७३५ मिलिमीटर. त्याजागी २६५/७५ आर १६ बसवला तर उंची होते ८०४. म्हणजे ६९ मिलिमीटर वाढ, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, ३४ मिलिमीटर, कारण एक्सल चाकाच्या मध्यावर असतो. या सव्वा इंचासाठी तुम्ही पाच टायरांचे पैसे मोजले (पाच, स्टेपनी जुन्याच मापाची ठेवणाऱ्याला स्टेपनी लागते तेव्हा कळतं), स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ६५ च्या वर पळायला लागली, पहिल्या गिअरची ओढ कमी झाली आणि स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की टायर मडगार्डला घासायला लागला. आता मडगार्ड कापायला माणूस शोधा.

याउलट चारशे-पाचशे रुपयांचा हवा मोजायचा गेज आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर घेतला तर आहे त्याच टायरमधून जवळजवळ नवा टायर निघतो. डांबरावर ३२ पीएसआय असते ती हवा कच्च्या रस्त्यावर २० वर आणा. टायर खाली पसरतो, जमिनीला लांबट चिकटतो, दगडाच्या अंगाने वळतो, आणि ज्या चढावर मघाशी चाक जागच्या जागी फिरत होतं तिथून गाडी गुमान वर जाते. फार खाली, पंधराच्याही आत गेलात तर वळताना ट्यूबलेस टायर रिमवरून निसटू शकतो. मोह आवरावा. परत डांबरावर येण्याआधी हवा भरलीच पाहिजे, नाहीतर कमी हवेच्या टायरच्या कडा वेगात तापून फाटतात. कॉम्प्रेसर त्यासाठीच घ्यायचा. त्र्यंबक रोडवरचा पंक्चरवाला हवा भरून देईल, पण तुम्ही चिखलात माखून हसत उभे असताना तो ज्या नजरेने बघतो ती टाळता आली तर बरं.

पायरी चौथी: गाडी उचलायचीच असेल तर

मिस्त्री सांगेल, “लिफ्ट किट कशाला दादा? एक पाटा वाढवून देतो, चार इंच हवा देतो.” चार इंच तो हाताने दाखवतो, आणि प्रत्येक मिस्त्रीचे चार इंच वेगळे असतात. पाटा वाढवला की गाडी उचलते हे खरं. पण पाटे मग वाकतही नाहीत. एका चाकाखाली मोठा दगड आला की दुसरं चाक जमिनीला चिकटून राहायला हवं. कडक पाट्यांची गाडी ते चाक हवेत उचलते. आणि ज्या डिफरन्शियलला लॉक नाही तो हवेतल्या चाकालाच सगळा जोर देतो, कारण त्याला फिरवणं सोपं असतं. जमिनीवरचं चाक शांत उभं. डिफ लॉक महाग पडतो. ज्या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो तिथे तो अलगद ओढून धरला तर फिरणाऱ्या चाकाला अडथळा होतो आणि थोडा जोर दुसऱ्याकडे जातो. ही युक्ती फुकट आहे, पण तिचा सराव सपाट जमिनीवर करावा, सासरची मंडळी मागे बसलेली असताना नाही.

गाडी वर गेली की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, नुकताच बदललेला क्रॉस पुन्हा खुळखुळतो आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो. या तिन्हींचे पैसे मिस्त्रीने सांगितलेल्या आकड्यात नसतात.

कायदाही इथेच येतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ बनावटीशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेलं कलम १८२ अ असं सांगतं, की नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द अंदाजपत्रकात लाल शाईने लिहावेत. बुलबारवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. एअरबॅग असलेल्या गाडीच्या तोंडाशी लोखंड ठोकलं तर सेन्सरला धडक वेळेवर कळत नाही आणि समोरच्या पादचाऱ्याला मात्र लगेच कळते. विमा कंपनीला न सांगता केलेले बदल ती दाव्याच्या वेळी बरोबर शोधून काढते. पेठ रोडच्या आरटीओत जाऊन कशाला परवानगी आहे ते आधी विचारलेलं बरं. खिडकीपलीकडच्या माणसाला असा प्रश्न कुणी विचारत नसल्यामुळे तो खूश होईल किंवा संशय घेईल.

एलईडी दिव्यांचा बार या यादीत मी मुद्दाम घेतलेला नाही. तुम्ही तो घेणारच आहात.

पायरी पाचवी: जागा

गाडी तयार झाली, आता घालायची कुठे? नवशिक्याला वाटतं, डोंगर मोकळे पडलेत. ते मोकळे नाहीत, बहुतेक वनखात्याचे आहेत. बोरगड हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. अंजनेरीच्या पठारावर त्या डोंगराचंच नाव लागलेली सेरोपेजियाची एक दुर्मीळ जात उगवते. तिला एटी आणि एमटी टायरमधला फरक कळत नाही. गंगापूर धरणाच्या काठाने गाडी पाण्यात घालून फवारे उडवणाऱ्यांनी एवढं तरी आठवावं, की शहराला पिण्याचं पाणी तिथूनच येतं. शिकायचंच असेल तर पैसे भरून जाता येतील अशी ठिकाणं असतात. महिंद्राने इगतपुरीजवळ त्यासाठी अकादमीच काढली होती. शहरातल्या शहरात सराव हवा असेल तर २०२७ च्या सिंहस्थासाठी खोदलेला एखादा रस्ता धरावा. तिथे प्रवेश फी नाही आणि ट्रेल दर आठवड्याला बदलतो.

पण मर्यादित बजेटमध्ये सर्वोत्तम जागा म्हणजे मामाचा मळा. दिंडोरी किंवा निफाड तालुक्यात एखादा मामा असावा, सख्खा नसला तरी चालेल. मामाची पडीक पट्टी, ऑगस्ट महिना, रात्रभर पाऊस झालेला. इथली काळी माती तुमचा सगळा खर्च पाच मिनिटांत समपातळीवर आणते. पहिले दोन वेढे टायर ती माती उचलतो. तिसऱ्याला ती ठोकळ्यांमधल्या खाचांत बसते आणि निघायचं नाव घेत नाही. बाहेरून बघितलं तर एटी, एमटी आणि गोटा झालेला जुना टायर तिन्ही सारखेच, काळेभोर आणि गुळगुळीत. चाक फिरतं, खोल जातं, आणि दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा हळूच येऊन हौजिंगला टेकतो. या क्षणी अॅक्सिलरेटरवरचा पाय काढावा. कुणीही काढत नाही.

पायरी सहावी: बाहेर काढणं

खरं तर पैसे इथेच घालायचे होते. चांगल्या प्रतीचा पट्टा, दोन शॅकल आणि गाडीच्या चॅसीला नीट बसवलेले हूक, पुढे एक, मागे एक. टोइंगच्या गोळ्याला पट्टा अडकवू नये. तो ट्रेलर ओढण्यासाठी असतो, झटक्याने तुटला तर सुटलेला लोखंडी गोळा कुणाच्या तरी काचेतून आत येतो. नायलॉनचा ताणणारा पट्टा झटका देऊन गाडी काढण्यासाठी, साधा टो-बेल्ट संथ ओढण्यासाठी. दोन्ही एकच समजून वापरणारे बरेच भेटतात, त्यांच्यापासून पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभं राहावं. फावडं घ्यावं. फावडं हे या सबंध यादीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं साधन आहे, कारण ते हातात घेतलं की खणावं लागतं.

विंच हवीच असेल तर ती गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ताकदीची घ्या. नऊ हजार पाचशे पौंडांची, म्हणजे साधारण ४,३०० किलोची, हे नेहमीचं माप. हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो, वर गुंडाळलेल्या प्रत्येक थराला ताकद कमी होते. पूर्ण जोरात ती चारशे अँपिअरच्या आसपास वीज खाते, तेव्हा आहे त्या बॅटरीवर ती चालवलीत तर गाडी बाहेर येते आणि सुरू होत नाही. ताणलेल्या लोखंडी दोरावर जाड गोधडी टाकायची, म्हणजे तो तुटला तर कमी उसळतो. आजीची नको. ती नंतर विचारते.

आणि विंचचा दोर द्राक्षबागेच्या अँगलला कधीही बांधू नये. एकटा दिसतो तो अँगल, पण वरून सगळा मांडव तारांनी एकमेकांना बांधलेला असतो. एक अँगल वाकला की तार सैल पडते, मग ओळ झुकते आणि मग शेजारची ओळ. त्यानंतर मामा नावाचं नातं राहत नाही. झाड बघा, नसेल तर स्टेपनी जमिनीत उभी पुरून तिला दोर बांधा. पुन्हा फावडं.

एवढं करूनही गाडी तिथेच असेल तर ट्रॅक्टर. गाडीत कितीही पैसे घाला, शेवटी बागेतला तो अरुंद छोटा ट्रॅक्टरच येतो. त्याची वेळ मात्र पाळावी लागते. ऑगस्टमध्ये मागितला तर मिळेल. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर मागू नये; तेव्हा डाऊनी रोगाच्या भीतीने फवारणी चालू असते, ब्लोअर जोडलेला असतो आणि पाऊस झाला की मामाचं लक्ष आभाळाकडे असतं, भाच्याच्या गाडीकडे नाही.

ट्रॅक्टरवरचा गडी येतो. पायात स्लीपर. उतरत नाही. इंजिन चालूच ठेवून तो तुमच्या गाडीभोवती एकदा नजर फिरवतो. छतावरच्या कॅरिअरकडे, पुढच्या विंचकडे, दारावरच्या पर्वतरांगेच्या स्टिकरकडे. मग विचारतो, “हवा कमी केलती का?”

केलेली नसते. गेज घरी असतो.

काम झाल्यावर त्याला डिझेलचे पैसे द्यायला जा. तो नको म्हणेल, तरी द्या. ज्या साखळीने त्याने गाडी ओढली ती सोडून, धुऊन, गुंडाळून त्याच्या हातात परत द्या. चिखलाची साखळी तशीच फेकून मिसळ खायला निघालेल्यांना दुसऱ्यांदा कुणी ओढत नाही.

शेवटचं काम घरी. गाडी वरून धुणं हे सोपं, ते तर शेजारीही बघतात. खालून धुवा, ग्रीसच्या निपलांना पंप लावा, रेडिएटरच्या जाळीतली माती हलक्या फवाऱ्याने काढा, जोरात मारलं तर पत्रे मुडपतात. आणि गाडी पाण्यातून गेली असेल तर दोन्ही हौजिंगचा खालचा बोल्ट थोडा सैल करून तेल बघा. गरम हौजिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं की पाणी शिरलंय. ताबडतोब बदला, क्राऊन-पिनियन गंजला तर आजवरचे सगळे हिशोब किरकोळ वाटतील. ब्रीदरला हातभर रबरी नळी जोडून ती बॉनेटमध्ये वर नेऊन बांधली की हे पुन्हा होत नाही. नळी शंभर-दोनशे रुपयांत येते. ती यादीत नव्हती. तिच्यासाठी एलईडीचा बार खोडा.